खंडेनवमीची चार टोकं

कल्पना करा, काडेपेटीपेक्षा जरासं मोठं असं अ‍ॅल्युमिनियमचं एक टोक तुमच्या हातात आहे. त्याच्या एका बाजूला बोल्टचं भोक आहे आणि दुसऱ्या बाजूला दोन इंच लांबीचा गोल खुंट. हा खुंट तुम्हाला कार्बन फायबरच्या काळ्या नळीत कायमचा बसवायचा आहे. रिवेट नाही, स्क्रू नाही, फक्त इपॉक्सीचा गोंद. आधी पॉलिश पेपर घ्या आणि खुंट घासा. उभा घासा, आडवा घासा, तिरका घासा, चमक पार जाईपर्यंत. मग अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेल्या पांढऱ्या फडक्याने पुसा, आणि फडक्याची एकदा वापरलेली बाजू पुन्हा लावू नका. आता त्यावर पाण्याचा एक थेंब सोडा. थेंब पसरून पातळ झाला, तर धातू स्वच्छ आहे. अळवाच्या पानावर होते तशी त्याची गोळी झाली, तर कुठेतरी तेलाचा अंश राहिलाय. पुन्हा पहिल्यापासून. थेंब एकदा पसरला की त्या जागी तुमचं स्वतःचं बोटसुद्धा लागता कामा नये. बोटाचं तेल पुरतं.

हे सगळं तुम्ही नीट केलंत की नाही, ते खुंट नळीत गेल्यावर कुणालाही, कधीही बघता येत नाही. एवढंच लक्षात ठेवा.

शेवंती तळवडेकर हे काम पाच वर्षं करत होती. वय एकोणपन्नास, राहायला भोईवाड्यात, कामाला डिलाईल रोडच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या दुसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात. गाळा हितेंद्र मुणगेकरचा. तो एकतीस वर्षांचा मेकॅनिकल इंजिनिअर, तिथूनच दोन गल्ल्या पलीकडे वाढलेला. स्पोर्ट्स कारच्या चासीला मजबुती देणारे कार्बन फायबरचे ब्रेस तो बनवायचा. बनवायचा म्हणजे आकडेमोड त्याची, हात शेवंतीचे.

ब्रेस म्हणजे काय, ते ती शेजारणींना डब्यावरून समजावायची. झाकण नसलेला पत्र्याचा डबा दोन्ही हातांनी पिळला तर पिळतो. झाकण घट्ट बसवलं की पिळत नाही. टप नसलेल्या दोन सीटच्या गाड्यांचं तसंच असतं. वेगात वळण घेताना त्यांची चासी कणभर पिळते आणि चाकं रस्ता सोडायला बघतात. म्हणून पोटाखाली आडवेतिरके दांडे लावायचे. लोखंडी लावले तर साडेसहा किलो, कार्बनचे लावले तर दोन किलोच्या आत.

"साडेचार किलोसाठी एवढो खर्च?" तिचा नवरा दौलत म्हणायचा. "त्या डायवरान दोन महिने भात सोडल्यान तर फुकट होतला."

शेवंतीचा हात बसला होता माझगावला. एकोणिसाव्या वर्षी ती गोदीजवळच्या एका शेडमध्ये लागली. तिथे जहाजांवरच्या लाइफबोटी दुरुस्तीला यायच्या. काचेच्या तंतूंचं कापड, त्यावर रेझिन, पुन्हा कापड. घरी गेल्यावर मनगटं रात्रभर चावायची. तिथले राजाराम मिस्त्री फार बोलत नसत, पण त्यांनी शेडला एक नियम घालून दिला होता. ज्या कुणाला एखाद्या कामाविषयी शंका येईल, मग तो झाडू मारणारा का असेना, त्याने खडूने त्यावर फुली मारायची. फुली मारलेलं काम शेडबाहेर जात नसे. कारण विचारलं जाई, पण वाद घातला जात नसे. आणि ती फुली ज्याने मारली त्यानेच पुसायची, मालकानेसुद्धा नाही. बावीस वर्षांत शेवंतीने तीन फुल्या मारल्या होत्या. त्यातल्या दोन चुकीच्या निघाल्या, आणि मिस्त्रींनी दोन्ही वेळा नुसतं "पूस आता" एवढंच म्हटलं होतं.

पुढे शेड खाडीपलीकडे गेली. हितेंद्रच्या गाळ्यात आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने त्याला हा नियम सांगितला. तो एवढा खूश झाला की मार्करने भिंतीवर लिहूनच टाकला: फुली ज्याची, त्यानेच पुसायची. खाली त्याने सहीसुद्धा ठोकली. पाच वर्षांत फुली मारायची वेळ आली नव्हती.

माझगावच्या शेडमधून ती आणखी एक गोष्ट घेऊन आली होती, खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारं धुऊनपुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. हत्यारांनाही एक दिवस सुट्टी. हितेंद्रची ना नव्हती. फक्त त्याने बजावलं होतं, "मावशी, कात्रीला लावा, रोलरला लावा, पंपाला तर लावाच, तो तसाही देवाच्या भरवशावर चालतोय. पण जॉबला हात नको."

या वर्षीचा जॉब गाळ्याच्या इतिहासातला सगळ्यात मोठा होता. शंतनु वर्तक नावाच्या दादरच्या माणसाच्या लाल गाडीसाठी चार टोकांचा, पोटाखालून लावायचा ब्रेस. या माणसाने पाठ थोपटली तर त्याच्या ओळखीतल्या आणखी दहा गाड्या येणार होत्या. वजन कमी करायचं म्हणून पहिल्यांदाच रिवेट काढून टाकले होते. सगळा भार इपॉक्सीवर. शेवंतीला त्या चार टोकांची धास्ती वाटत होती, आणि धास्ती वाटली की माणूस करतं तेच तिने केलं. बुधवारी, खंडेनवमीला सकाळी, आदल्या दिवशी घासून ठेवलेली चारही टोकं तिने पाटावर ठेवली. निरांजनाची तिळाच्या तेलात भिजलेली वात सारखी केली आणि त्याच बोटाने एक, दोन, तीन, चार अशी क्रमाने, टोकांवर कोरलेल्या आकड्यांप्रमाणे, खुंटांना हळदकुंकू लावलं. शुक्रवारी येऊन आपण ती पुन्हा घासणारच आहोत, असं तिने मनाशी म्हटलं. दुपारी बारा वाजता कुलूप लावून ती घरी गेली.

शुक्रवारी सकाळी दहाला तिने गाळा उघडला. पाट भिंतीला टेकवून ठेवलेला. कात्री जागच्या जागी. टोकं कुठेच नाहीत.

तिने कपाट बघितलं, ओव्हन बघितला. मग कचऱ्याच्या डब्यात तिला फडकं दिसलं. पांढरं फडकं, आणि त्यावर पिवळा फराटा.

तिने फोन लावला. दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा हितेंद्रने उचलला.

"मावशी, सोनं घ्या, सोन्यासारख्या राहा!" मागे स्पॅनरचा आवाज येत होता. "सरप्राइज आहे. ब्रेस बसला."

"बसला म्हणजे?"

"अहो, बुधवारी तीनला शंतनुचा फोन. शनिवारी धावपट्टीवर वळणं आखून टायमिंगचा इव्हेंट आहे, त्याला अचानक जागा मिळाली. आणि त्याची आई म्हणते, गाडीला नवीन वस्तू लावायची तर दसऱ्याच्याच मुहूर्तावर. मग मी संध्याकाळी येऊन चिकटवला, दिवे लावून रात्रभर तापवला, काल सकाळी रमाकांतकाकांच्या गॅरेजवर चढवला. नारळपण फुटला."

"टोकं घासलीस?"

"घासलेलीच होती की. तुम्ही हळदकुंकू लावलं होतं ते पुसलं. अ‍ॅसिटोनने. तीन-तीनदा."

"थेंब टाकलास?"

पलीकडे स्पॅनर वाजत राहिला.

"हितेंद्र, थेंब टाकला होतास का?"

"मावशी, मी आता जरा गडबडीत आहे. अडीचला ट्रेलर निघतोय."

फोन बंद झाला. शेवंती ते फडकं हातात घेऊन उभी राहिली. हळद अ‍ॅसिटोनमध्ये विरघळते, हे तिला कुठल्या पुस्तकातून कळलेलं नव्हतं. मागे एकदा डब्याचा हळदीचा डाग अ‍ॅसिटोनने काढायला जाऊन तिने अख्खं झाकण पिवळं करून ठेवलं होतं. डाग जात नाही, पातळ होऊन पसरतो. तेलाचंही तेच. तिच्या बोटाचं तिळाचं तेल त्या खुंटांवरून गेलं असेल, किंवा सगळीकडे सारखं लागलं असेल. दोन्ही शक्य होतं.

ती गप्प बसली असती तर कुणालाही काही कळलं नसतं. जोड धरला तर धरलाच. आणि सुटला तर? दीडशेच्या वेगात एक टोक सुटून दांडा रस्त्याला टेकला, तर गाडी त्याच्यावर काठी टेकून उडी मारल्यासारखी उडेल. शंतनु वर्तकला ती एकदाच भेटली होती. आत येताना त्याने चपला दाराबाहेर काढल्या होत्या, तेही गाळ्यात.

तिने टॅक्सी केली. पाच वर्षांत कामासाठी तिने पहिल्यांदाच टॅक्सी केली असेल. चिंचपोकळीच्या पुलावर देवीचा मांडव उतरवणारे टेम्पो आडवे उभे होते आणि टॅक्सीवाला निवांत तंबाखू मळत होता. भायखळ्याला पोचेपर्यंत बारा वाजून गेले. तिने तेवढ्यात मनाशी तीन वेगवेगळी वाक्यं जुळवली. तिन्हींत ती स्वतः थोडी थोडी सुटत होती. तिसरं तिने अर्ध्यावर सोडून दिलं.

रमाकांतचं गॅरेज माझगावात, एका जुन्या चर्चच्या मागच्या गल्लीत. लाल गाडी लिफ्टवर माणसाच्या उंचीएवढी चढवलेली होती. बॉनेटवर झेंडूची माळ अजून तशीच. खाली हितेंद्र, शंतनु आणि रमाकांत. रमाकांत पूर्वी लाइफबोटींच्या इंजिनांची कामं करायचा, शेवंतीला तो तेव्हापासून ओळखत होता.

"या, या! कारखान्याच्या मालकीणबाई आल्या," तो म्हणाला. "सोनं आणलंस की नुसतीच आलीस?"

शेवंती हसली नाही. तिने पर्समधून दोन रुपयांचं जुनं नाणं काढलं आणि गाडीखाली शिरली. ब्रेस सुंदर दिसत होता. काळा, चकचकीत, तिने तिरकं कापून चढवलेलं कापड आतून दिसत होतं. तिने पहिल्या जोडावर नाणं वाजवलं. टण्. दुसऱ्या जोडावरही टण्. तिसरा, चौथा. कुठेही आवाज बसका नाही.

"झकास वाजतंय, काकू," शंतनु म्हणाला. "मी पण काल वाजवून बघितलं. हितेंद्रने शिकवलं मला."

"आवाज पोकळी सांगतो," शेवंती म्हणाली. "आत चिकटलंय की नुसतं टेकून बसलंय, ते नाही सांगत."

हितेंद्रने तिचा दंड धरून तिला कंप्रेसरच्या मागे नेलं. तो हळू आवाजात बोलत होता, पण जबडा आवळलेला होता.

"मावशी, जॉबला हात लावू नका, म्हणालो होतो ना?"

"म्हणाला होतास."

"मग?"

"चुकले."

जुळवलेल्या तिन्ही वाक्यांपैकी एकही तिने वापरलं नव्हतं.

"मी तीनदा पुसलंय," तो म्हणाला. "पहारीने ओढून पण बघितला. हलला नाही. हिशेबाने त्या जोडाला लागणाऱ्या जोराच्या चौपट ताकद आहे त्यात. चौथाई जरी चिकटला असेल तरी..."

"किती चिकटलाय तुला ठाऊक आहे?"

"नाही."

"मला पण नाही."

"मग त्याला काय सांगू? बाबा रे, आमच्याकडे पूजा होती?"

"तू नको सांगू, मी सांगते," असं म्हणून शेवंती कंप्रेसरच्या पुढे आली आणि शंतनुला सगळं सांगितलं. पाट, वात, बोट, फडकं. एका दमात, लाइफबोटीच्या शेडमध्ये दिवसाचा हिशोब द्यावा तसं. हितेंद्र जमिनीकडे बघत उभा होता.

शंतनुने आधी हसायचा प्रयत्न केला. मग तो थांबला. "म्हणजे निसटेल?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे? तुम्ही बनवलंय ना?"

"म्हणूनच सांगत्ये."

"हळद ना?" रमाकांत मध्येच म्हणाला. "मग दिसेल." त्याने ड्रॉवरमधून एक जांभळट उजेडाची टॉर्च काढली. गाडीच्या एसीचा गॅस कुठून गळतोय ते शोधायला ती लागते. "जेवून आलो आणि ही लावली की माझी बोटं काजव्यासारखी चमकतात. बायकोने डाळीत हळद किती घातली ते इथे बसून सांगतो."

गॅरेजचं शटर अर्ध्यावर ओढलं. चौघं गाडीखाली वाकली. रमाकांतने उजेड पहिल्या टोकावर धरला. नळीच्या तोंडाशी, जिथे अ‍ॅल्युमिनियमची दोऱ्याएवढी कड उघडी राहिली होती, तिथे इपॉक्सीची निळसर रेघ दिसली. आणि तिच्या लगत, धातूवर, पिवळट हिरवा, फिका फराटा. दुसऱ्या टोकावरही तसाच. तिसऱ्यावर, चौथ्यावर.

बाहेर ट्रेलरवाल्याने हॉर्न दिला.

"हे बाहेरचं आहे," हितेंद्र म्हणाला. "कडेचं. आत मी जास्त घासून पुसलंय. बाहेर हळद दिसतेय याचा अर्थ आत जोड कच्चा आहे, असा होत नाही."

तो खोटं बोलत नव्हता. तसा अर्थ खरंच होत नव्हता. आणि हीच पंचाईत होती. त्या गाडीखाली असा कुणीही नव्हता, ज्याला ठामपणे काही म्हणता आलं असतं. नाणं हो म्हणत होतं, पहार हो म्हणत होती, हिशेब हो म्हणत होता. टॉर्च नाही म्हणत नव्हती, नुसती काहीतरी दाखवत होती.

शंतनुने घड्याळ बघितलं. दीड वाजला होता. "आठ महिने मी या जागेसाठी थांबलोय," तो म्हणाला. "हितेंद्र, तू सांग. इंजिनिअर तू आहेस. जाऊ का?"

हितेंद्रने तोंड उघडलं. शेवंतीला त्याचा चेहरा समोरून दिसत होता. तो "जा" म्हणणार होता, हे तिला स्वच्छ दिसलं. धाडस म्हणून नाही. कोपऱ्यात सापडलेला माणूस आपल्याच हिशेबावर जसा जास्त विश्वास ठेवायला लागतो, तसं.

टायरवर खुणा करायचा पिवळा खडू लिफ्टच्या खांबावर ठेवलेला होता. शेवंतीने तो उचलला, हात वर केला, आणि ब्रेसच्या मधल्या चकचकीत पट्टीवर, जिथे हितेंद्रने गाळ्याचं नाव लिहिलेला स्टिकर लावला होता, त्याच्या बरोबर बाजूला फुली मारली. दोन रेघा. खडूचा चुरा तिच्या डोळ्यांत पडला.

रमाकांतच्या हातात सतराचा स्पॅनर होता. त्याने तो हळूच ट्रेमध्ये ठेवला. तोही राजाराम मिस्त्रींच्या शेडमध्ये वाढलेला माणूस होता.

"हे काय?" शंतनुने विचारलं.

हितेंद्रने खांद्यावरचं फडकं हातात घेतलं. एक पाऊल पुढे आला. फुली त्याच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर होती. एक फटका मारला असता तर गेली असती. शेवंती बाजूला झाली नाही आणि आडवीही आली नाही. तिला आठवत होतं, बावीस वर्षांतल्या तिच्या तीनपैकी दोन फुल्या चुकीच्या निघाल्या होत्या. ही पण निघू शकत होती. मग दहा गाड्या गेल्या, गाळा गेला, आणि या पोराचं पाच वर्षांचं नाव एका हळदीच्या बोटापायी गेलं. तरी ती पुसायची तर तिलाच पुसायची होती, आणि तिचा हात उठत नव्हता.

हितेंद्र किती वेळ तसा उभा होता, ते नंतर तिघांनी वेगवेगळं सांगितलं. रमाकांतच्या मते पाच मिनिटं. तेवढी नक्कीच नसतील.

"काका," तो शेवटी म्हणाला, "उतरवा."

"आणि मी जाऊ कसा?" शंतनु ओरडलाच.

"जुना लोखंडी कुठाय तुमचा?"

"माळ्यावर टाकलाय," रमाकांत म्हणाला. "चाळीस मिनिटं लागतील. धरा कुणीतरी शिडी."

लोखंडी ब्रेस चढला तेव्हा तीनला पाच मिनिटं कमी होती. ट्रेलरवाला "साब, अब पुलिस रोकेगी तो आप जानो" असं तीनदा म्हणून झाला होता. शंतनु निघताना रमाकांतशी बोलला, हितेंद्रशी नाही. शेवंतीजवळून जाताना मात्र थबकला. मान हलवली आणि ट्रेलरच्या केबिनमध्ये चढला.

काढलेला ब्रेस हितेंद्रने जुन्या चादरीत गुंडाळला. टॅक्सीत दोघं मागे बसली, मध्ये ते गाठोडं. लालबाग आलं. उतरताना तो म्हणाला, "सोमवारी या. आता घरी जा, मावशी." रागाने म्हणाला की थकून, हे तिला ओळखता आलं नाही, आणि शनिवार-रविवार ती तेच ओळखायचा प्रयत्न करत राहिली.

शनिवारी संध्याकाळी तिने न राहवून हितेंद्रला मेसेज टाकला. उत्तर एका ओळीचं आलं. शंतनु नववा आला, गाडी नीट परत निघाली.

"नववो म्हणजे चांगलो की वायट?" दौलतने विचारलं.

"वायटच."

"पण इलो मा परत?" तो म्हणाला. "मगे तू जेव."

सोमवारी हितेंद्रने गाठोडं त्याच्या एका मित्राच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत नेलं. शेवंतीलाही बोलावलं. तिथे धातूचे नमुने दोन्ही बाजूंनी धरून तुटेपर्यंत ओढणारं मशीन होतं. मित्राने ब्रेस कापून चार जोड वेगळे केले. आपण रात्री जागून केलेल्या कामावर करवत चालताना हितेंद्र खिडकीबाहेर बघत राहिला.

पहिलं टोक मशीनमध्ये चढलं. पडद्यावरचा आकडा वाढत गेला. हजार किलो. दोन हजार. दोन हजार नऊशेला बांबू फुटावा तसा आवाज झाला आणि कार्बनची नळीच उभी फाटली. जोड जसाच्या तसा होता.

दुसरं. तीन हजार शंभर. पुन्हा नळी फाटली, जोड शाबूत.

हितेंद्रने शेवंतीकडे बघितलं नाही, आणि न बघण्यातच सगळं होतं. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मनात तिने राजाराम मिस्त्रींचं "पूस आता" दोनदा ऐकलं. शंतनु नववा आला होता. दहा गाड्यांमधली एकही आता येणार नव्हती.

तिसरं टोक. पाचशे. सहाशे. सातशे. सातशे चाळीसला आवाजसुद्धा नीट झाला नाही. बाटलीचं बूच निघावं तसा खुंट नळीतून बाहेर आला. स्वच्छ. इपॉक्सीचा एक कणही धातूला चिकटलेला नव्हता. मित्राने तो उचलून उजेडात धरला. "हे चिकटलंच नव्हतं रे," तो म्हणाला.

हितेंद्र स्टुलावर बसला. धावपट्टीच्या वळणावर या जोडाला जास्तीत जास्त सातशेचा जोर लागेल, असा त्याचा हिशेब होता. चाळीस किलो वर. पण वळणावरचा जोर एकदा येऊन थांबत नाही. प्रत्येक वळणाला येतो आणि जातो, आणि दर वेळी जोड थोडा खातो. पहिल्या फेरीला टिकला असता, कदाचित तिसऱ्याला नाही. कदाचित सगळ्यांना टिकला असता. कागद त्याच्यापुढे जात नव्हता.

चौथं टोक चढवायची त्याची इच्छा नव्हती. शेवंती म्हणाली, "चढव." ते तीन हजारापर्यंत टिकलं आणि नळी फाटली.

परतताना दोघं बसस्टॉपवर उभी होती. हितेंद्रने फोन काढून शंतनुला तिसऱ्या टोकाचा फोटो पाठवला, खाली आकडा लिहिला, आणखी काही नाही. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

"तेल पहिल्या टोकाला जास्त लागलं असेल," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "वात सारखी केल्यावर पहिलं बोट तिथेच ना?"

"सुटलं ते तिसरं. मी एक, दोन, तीन, चार अशीच लावली."

"मग पुसताना. तिसऱ्याला फडक्याची वापरलेली बाजू गेली असेल."

"असेल, की गेलीच?"

"आठवत नाही, मावशी. खरंच नाही आठवत."

बस आली, भरलेली होती, त्यांनी सोडली. शेवंतीने रुमालात बांधलेलं तिसरं टोक काढलं. अंगठा त्यावर न टेकवता, कडेने धरून, ती खुंट फिरवून फिरवून बघत होती. घासल्याच्या रेघा तिच्याच हाताच्या होत्या, मंगळवारच्या, उभ्या, आडव्या, तिरक्या. चारही टोकांवर सारख्याच.

"हे सुटलं, ते समजलं रे मला," ती म्हणाली. "पण तेच बोट, तीच हळद, तेच फडकं. मग बाकीची तीन कशी धरून राहिली?"